पाळी लवकर आली, तर अभ्यास मागे पडतो का?

प्रश्न : माझी मुलगी पाचवीत आहे. गेल्या महिन्यात, दहा वर्षे चार महिन्यांची असताना, तिला पहिली पाळी आली. साडेआठव्या वर्षी छातीची वाढ सुरू झाल्याचे माझ्या लक्षात आले होते. शिष्यवृत्तीची तयारी चालू आहे. पण अलीकडे गणितात चुका वाढल्या आहेत, ती लगेच चिडते आणि सकाळी उठता उठत नाही. सासूबाई म्हणतात, लवकर शहाणी झालेल्या मुलीचे डोके अभ्यासात चालत नाही. यात तथ्य आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. मात्र सासूबाईंनी वापरलेला शब्द विचार करण्याजोगा आहे. पहिली पाळी आली की ‘शहाणी झाली’ म्हणण्याच्या आपल्याकडील रीतीमुळे शरीराचे वयात येणे आणि समज येणे या दोन्ही गोष्टी एकदमच घडतात असा ग्रह होतो, आणि आपल्या मुलीची अडचण बहुधा तिथेच सुरू होते.

पाळीची सुरुवात मेंदूतील हायपोथॅलॅमसपासून होते. तिथून ठरावीक अंतराने स्रवणारे संप्रेरक पीयूषिका ग्रंथीला जागे करते आणि तिच्या इशाऱ्यावर अंडाशयांत इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक तयार होऊ लागते. छातीची वाढ सर्वसाधारणपणे 8 ते 13 या वयात सुरू होते व त्यानंतर सुमारे दोन ते अडीच वर्षांनी पाळी येते. आपली मुलगी या मर्यादेच्या अलीकडच्या टोकाला असली, तरी मर्यादेतच आहे. विचारपूर्वक निर्णय घेणे, मनाला आवर घालणे, पुढचा बेत आखणे ही कामे कपाळामागच्या मेंदूच्या भागाकडे असतात आणि तो भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत परिपक्व होत राहतो. पाळी दहाव्या वर्षी आली म्हणून तो घाई करत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नॉर्वेमध्ये पहिली पाळी सोळाव्या वर्षाच्या आसपास येत असे, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते वय तेराच्या आसपास आले. तेवढ्याने तिथल्या मुलींची बुद्धी घटली असे कोणी म्हटलेले नाही.

उशिरा वयात येणारी मुले-मुली आकृत्या मनात फिरवून पाहण्याच्या चाचण्यांत सरस ठरतात, असे 1976 मधील एका गाजलेल्या अभ्यासात आढळले होते. पुढच्या अभ्यासांत तो फरक फारच किरकोळ निघाला. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात 1972-73 मध्ये जन्मलेल्या मुलांचा दीर्घकालीन अभ्यास. तिथे लवकर वयात आलेल्या मुलींमध्ये बेशिस्त वर्तनाच्या तक्रारी अधिक दिसल्या, पण त्या मुख्यतः मुला-मुलींच्या एकत्र शाळांत; केवळ मुलींच्या शाळांत तसे चित्र नव्हते. शरीर तेच, संप्रेरके तीच, भोवतालची माणसे मात्र वेगळी. चौदा वर्षांच्या दिसणाऱ्या मुलीकडून लोक चौदाव्या वर्षाची समज मागतात, मोठी मुले तिच्याशी बरोबरीने वागू पाहतात, आणि ती तर अजून दहाच वर्षांची असते. लवकर वयात येणाऱ्या मुलींमध्ये उदासी व चिंता अधिक आढळते, यामागे हा ताणही असतो. म्हणून घरात ‘आता तू मोठी झालीस’ हे वाक्य काही दिवस बाजूला ठेवावे, ही माझी विनंती सासूबाईंनाही कळवावी.

गणितातील चुकांची कारणे साधी असू शकतात. वयात येताना झोप येण्याची वेळच शरीराकडून पुढे ढकलली जाते. त्यामुळे रात्री डोळा लागत नाही आणि सकाळच्या शाळेत डोळे मिटतात. याला आळस समजून रागावू नये. दुसरे कारण रक्तक्षयाचे असू शकते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 19 वयोगटातील 59.1 टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला होता. पाळीत लोह जाऊ लागले आणि आहारातून ते भरून आले नाही, तर थकवा येतो आणि एकाग्रता ढासळते. तेव्हा शिकवणी वाढवण्याआधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) तपासून घ्यावे.

छातीची वाढ आठव्या वर्षाआधी सुरू झाली असती, तर डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचे वय पाहण्यास व बालसंप्रेरकतज्ज्ञांना दाखवण्यास मी तातडीने सांगितले असते. आपल्या मुलीसाठी बालरोगतज्ज्ञांकडची एक भेट पुरेशी आहे. तिची उंची आणि वजन यांच्या मागील काही वर्षांच्या नोंदी असतील, तर त्या सोबत न्याव्यात. पहिली दोन-तीन वर्षे पाळी अनियमित असते, त्यामुळे दप्तरात पॅड कायम असू द्यावे आणि वर्गशिक्षिकेला तेवढे सांगून ठेवावे.