गाडीची उंची विचारणारे ॲप
वाचकांचे प्रश्न : प्रवास

प्रश्न : आम्ही पती-पत्नी इंग्लंडमध्ये रीडिंग येथे राहतो. या उन्हाळ्यात नाशिकहून माझे आईवडील येणार आहेत. त्यांना घेऊन भाड्याच्या मोटरहोमने, म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीने, लेक डिस्ट्रिक्टमार्गे स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यापर्यंत जाण्याचा आमचा बेत आहे. गाडी सात मीटर लांब असून तिची उंची ‘सुमारे तीन मीटर’ असल्याचे भाड्याने देणाऱ्यांनी कळवले आहे. रोजच्या प्रवासात मी गुगल मॅप्स वापरतो आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. कार्यालयातील एका सहकाऱ्याने मात्र मोटरहोमसाठी वेगळे दिशादर्शक ॲप घ्यावेच लागेल, असे बजावले आहे. हा खर्च खरोखर आवश्यक आहे का? असल्यास कोणते ॲप घ्यावे? आणि डोंगराळ भागात इंटरनेट मिळाले नाही तर काय करावे?
– एक वाचक, रीडिंग

उत्तर : आपल्या सहकाऱ्याचे म्हणणे बरोबर आहे. गुगल मॅप्स, ॲपल मॅप्स आणि वेझ या तिन्ही ॲपमध्ये चारचाकीने जायचे असे सांगितले की ती साधी मोटार आहे असे धरूनच मार्ग आखला जातो. गाडीची उंची, रुंदी, लांबी आणि वजन सांगण्याची सोय त्यांत नाही. रोजच्या वापरात याची उणीव जाणवत नाही, कारण दीड मीटर उंचीची मोटार जवळजवळ कोणत्याही पुलाखालून जाते. ब्रिटनमधील रेल्वेचे असंख्य पूल मात्र एकोणिसाव्या शतकात, घोडागाड्यांच्या काळात बांधले गेले आणि त्यांतील कित्येकांच्या खालून तीन मीटर उंचीचे वाहन जात नाही. केंब्रिजशायरमधील ईली येथे स्टेशनजवळ स्टंटनी रस्त्यावर असाच एक पूल आहे. त्याखाली 9 फूट, म्हणजे सुमारे 2.7 मीटर एवढीच उंची मोकळी आहे आणि वाहने वारंवार आदळल्यामुळे तो देशभर प्रसिद्ध झालेला आहे. तेव्हा निवडीची पहिली अट अशी की जे ॲप गाडीची मापे विचारत नाही, त्याच्यावर मोटरहोमचा मार्ग सोपवू नये.

मापे विचारणारी ॲप थोडीच आहेत आणि त्यांतून निवड करणे अवघड नाही. सिजिक या स्लोव्हाक कंपनीचे ट्रक आणि कॅरॅव्हॅनसाठीचे ॲप, तसेच कोपायलट ही दोन्ही सशुल्क आहेत, दोन्हींत नकाशे आधी उतरवून ठेवता येतात आणि दोन्हींत मापे भरता येतात. तिसरा पर्याय ओएसएमअँडचा. हे ॲप ओपनस्ट्रीटमॅप या नकाशावर चालते. हा नकाशा स्वयंसेवकांनी तयार केलेला असून 2004 मध्ये त्याची सुरुवात ब्रिटनमध्येच झाली, त्यामुळे तेथील तपशील पुष्कळ दाट आहे. ओएसएमअँडला खर्च अगदी कमी येतो. परंतु त्याची मांडणी किचकट आहे आणि शेजारी बसलेल्या व्यक्तीला ते ऐन प्रवासात हाताळता येईलच असे नाही. गार्मिनचे कॅम्पर हे स्वतंत्र यंत्रही चांगले असते, परंतु एका सहलीसाठी ते विकत घेण्याचे कारण मला दिसत नाही. मी आपल्या जागी असतो तर सिजिक किंवा कोपायलट यांपैकी ज्याची अल्पमुदतीची वर्गणी मिळेल ते घेतले असते. या दोहोंतील फरकापेक्षा आपण त्यात काय भरतो याला अधिक महत्त्व आहे.

येथे ‘सुमारे तीन मीटर’ हे उत्तर चालणार नाही. गाडी ताब्यात घेताना चालकाच्या डोक्यावरील सावलीच्या झडपेवर किंवा कागदपत्रांत उंचीचा आकडा दिला आहे का ते पाहावे आणि तो छपरावरील वातानुकूलन यंत्र, सौर पट्टी, टीव्हीची तबकडी यांच्यासह आहे का, हे स्पष्ट विचारावे. खात्री होत नसेल तर फीत घेऊन मोजावे. यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. उंची 2.95 मीटर भरली तर ॲपमध्ये 3.05 लिहावी, म्हणजे दहा सेंटिमीटरची मोकळीक राहते. ब्रिटनमधील उंचीच्या फलकांवर फूट-इंच असतात. नव्या फलकांवर मीटरही असतात, परंतु जुने कित्येक फलक अद्याप केवळ फुटांतच आहेत. म्हणून 2.95 मीटर म्हणजे 9 फूट 8 इंच, असे दोन्ही आकडे कागदावर ठळक लिहून समोर चिकटवून ठेवावेत. पुलाजवळ पोहोचल्यावर तोंडी हिशेब करण्याची वेळ येऊ नये. रुंदीच्या बाबतीत बाजूचे आरसे विसरू नयेत. अशा गाडीचे अंग बहुधा 2.3 मीटरच्या आसपास रुंद असते आणि आरशांमुळे त्यात आणखी भर पडते. लंडनच्या उपनगरांत साडेसहा किंवा सात फुटांच्या अंतरावर खांब रोवून रस्ता मुद्दाम अरुंद केलेली ठिकाणे आहेत आणि तेथे सात फूट म्हणजे 2.13 मीटरच. मागे सायकलींचे स्टँड लावले असेल तर लांबीतही तेवढी वाढ धरावी.

मापे भरताना वाहनाचा प्रकार ‘कॅम्पर’ किंवा ‘कॅरॅव्हॅन’ असाच निवडावा. सुरक्षित राहावे म्हणून काही जण ‘ट्रक’ निवडतात, आणि मग ॲप मालवाहू गाड्यांवरील सगळे निर्बंध आपल्यालाही लावते, रहदारीला पूर्ण मोकळ्या रस्त्यांवरून उगाच वळसे घालायला लावते आणि वेगमर्यादाही चुकीची दाखवते. रिकाम्या गाडीचे वजन 3.05 टनांपेक्षा अधिक नसेल तर ब्रिटनमध्ये मोटरहोमला मोटारीचीच वेगमर्यादा लागू होते. त्याहून जड असल्यास दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ताशी 50 मैल आणि दुभाजक असलेल्या रस्त्यावर 60 मैल अशी मर्यादा आहे.

वर्गणी भरण्यापूर्वी घरबसल्या एक चाचणी घ्यावी. ॲपला ईलीच्या त्या पुलाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेण्यास सांगावे, आधी उंची दीड मीटर भरून आणि मग तीन मीटर भरून. दोन्ही वेळा तोच मार्ग दाखवला गेला, तर एकतर आपण भरलेली मापे ॲपने विचारात घेतलेली नाहीत, किंवा तो पूल त्याच्या नकाशात नोंदलेला नाही. दोन्ही परिस्थितींत ते ॲप घेऊ नये. जाहिरातींतील दहा वैशिष्ट्यांची तुलना करण्यापेक्षा या चाचणीतून अधिक कळते.

परंतु मोटरहोमसाठीचे ॲपसुद्धा कोठे अपुरे पडते, हे आपल्या मार्गाच्या दृष्टीने सांगितलेच पाहिजे. उंची, रुंदी आणि वजन यांवर कायद्याने घातलेली बंदी नकाशात आकड्याच्या रूपाने नोंदलेली असते, म्हणून ॲप ती टाळते. एखादा रस्ता बंद नसतो, पण शहाण्या माणसाने मोठी गाडी तेथे नेऊ नये, अशी त्याची अवस्था असते. ती मात्र आकड्यांत पकडता येत नाही. लेक डिस्ट्रिक्टमध्ये अँबलसाइडहून एस्कडेलला जाण्यासाठी सर्वांत जवळचा मार्ग विचारला तर रायनोज आणि हार्डनॉट या दोन खिंडींतून जाणारा रस्ता दाखवला जाऊ शकतो. हार्डनॉटची चढण काही ठिकाणी 1 : 3 इतकी तीव्र आहे आणि वळणे एवढी आवळलेली आहेत की सात मीटरची गाडी तेथे अडकलीच म्हणून समजावे. आईवडिलांना मागे बसवून तो प्रयोग करू नये. दक्षिणेकडून लांबचा वळसा घ्यावा. स्कॉटलंडमध्ये ॲपलक्रॉसकडे जाणारा बेआलाख ना बा हा घाट असाच आहे. समुद्रसपाटीपासून 626 मीटरपर्यंत तो चढतो, चढण 20 टक्क्यांपर्यंत जाते, रस्ता एकपदरी आहे आणि पायथ्याशी मोठ्या वाहनांना व कॅरॅव्हॅनला हा मार्ग सुचवत नसल्याचा फलकच लावलेला आहे. ॲपलक्रॉसला जायचेच असेल तर शिल्डेगवरून किनाऱ्याने जाणारा, 1970 च्या दशकात पूर्ण झालेला रस्ता घ्यावा. तोही एकपदरी आहे, परंतु त्यावर तशी वळणे आणि तसा चढ नाही. अशा ठिकाणी ॲपमध्ये ‘मधला थांबा’ म्हणून शिल्डेग भरले की ते निमूटपणे किनाऱ्याने नेते. हे काम आदल्या रात्री, गाडी उभी असताना करावे.

इंटरनेटबद्दल मनात काळजी ठेवू नये. मोबाइलला स्वतःचे ठिकाण समजते ते उपग्रहांच्या संदेशांवरून, आणि त्यासाठी इंटरनेट लागत नाही. इंटरनेट लागते ते नकाशासाठी आणि रहदारीच्या ताज्या माहितीसाठी. म्हणून संपूर्ण ग्रेट ब्रिटनचा नकाशा रीडिंगमध्येच वाय-फायवर उतरवून घ्यावा. मग मोबाइल विमान मोडमध्ये टाकून एखादा मार्ग आखून पाहावा, म्हणजे नकाशा खरोखर उतरला आहे की नाही हे तेथेच कळेल. स्कॉटलंडच्या हायलँड्स भागात दऱ्यांमध्ये मोबाइलचे जाळे अनेक ठिकाणी मिळत नाही, त्यामुळे ही तयारी टाळता येण्यासारखी नाही.

गुगल मॅप्स पूर्णपणे काढून टाकण्याचीही गरज नाही. एम 6 महामार्गावर पुढे कोंडी किती आहे हे त्याच्याइतके चटकन फार थोडी ॲप सांगतात. ते पत्नीच्या मोबाइलवर चालू ठेवावे आणि केवळ कोंडी पाहण्यासाठी वापरावे. महामार्ग सोडून गावातून जाण्याचा सल्ला त्याने दिला तर तो स्वीकारू नये, कारण नेमक्या त्याच क्षणी ते आपल्या गाडीला मोटार समजत असते.

कॅम्पसाइटचा पत्ता भरताना केवळ पोस्टकोडवर विसंबू नये. ग्रामीण भागात एका पोस्टकोडमध्ये कित्येक किलोमीटरचा परिसर येऊ शकतो आणि सॅटनॅव्ह मग शेताच्या मागच्या फाटकापाशी नेऊन सोडते. कॅम्पसाइटने अक्षांश-रेखांश दिले असतील तर ते भरावेत आणि ‘अमुक बाजूने येऊ नये’ अशी सूचना त्यांनी दिली असेल तर ॲपपेक्षा तिला मान द्यावा. ग्लासगो आणि एडिंबरा या शहरांच्या मध्यभागी कमी-उत्सर्जन क्षेत्रे आहेत. तेथे पात्र नसलेल्या वाहनाला शुल्क भरून आत जाता येत नाही, थेट दंड होतो. डिझेल गाडी युरो 6 या धूर-उत्सर्जनाच्या मानकाची असल्यास अडचण नाही आणि भाड्याच्या नव्या गाड्या बहुधा तशाच असतात. तरीही तेवढे एक विचारून घ्यावे.

प्रश्न : आम्ही पुण्याहून म्युनिकला जाऊन तेथून मोटरहोम भाड्याने घेणार आहोत व ऑस्ट्रिया, इटली आणि फ्रान्स असा प्रवास करणार आहोत. सर्व देशांत एकच ॲप चालेल का? आणि त्यात काही खास काळजी घ्यावी लागते का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : युरोपच्या संपूर्ण नकाशासह घेतलेले कोणतेही एक ॲप पुरेसे आहे, नकाशे पुण्यातूनच उतरवून निघावे. मापांबद्दल वर लिहिले आहे तेच येथेही लागू आहे, आणि मीटरमधील फलकांमुळे युरोपात हिशेब सोपा होतो. वेगळी काळजी तीन गोष्टींची घ्यावी. पहिली वेगमापक कॅमेऱ्यांच्या इशाऱ्याची. जर्मनी आणि फ्रान्समध्ये चालकाने असा इशारा देणारी सोय वापरणे कायद्याच्या विरुद्ध आहे, म्हणून ती ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन आधीच बंद करावी. दुसरी टोलची. ऑस्ट्रियात 3.5 टनांपर्यंतच्या अनुज्ञेय वजनाच्या गाडीला महामार्गांसाठी विन्येट, म्हणजे ठराविक मुदतीचा आगाऊ टोल-परवाना, लागतो. त्याहून जड गाडीला वेगळे यंत्र बसवून अंतरानुसार टोल भरावा लागतो. ॲपमध्ये वजन चुकीचे भरले तर मार्गही चुकतो आणि खर्चाचा अंदाजही. ब्रेनर खिंडीच्या महामार्गाचा टोल विन्येटमध्ये धरलेला नसतो, तो वेगळा द्यावा लागतो. तिसरी गोष्ट इटलीतील जुन्या शहरांची. फ्लॉरेन्ससारख्या शहरांच्या मध्यभागी मर्यादित वाहतुकीची क्षेत्रे असून तेथे कॅमेरे लावलेले आहेत. परवानगीशिवाय आत शिरल्याचा दंड कित्येक महिन्यांनी, गाडी देणाऱ्या कंपनीमार्फत पुण्यातील पत्त्यावरही येऊन पोहोचू शकतो. या क्षेत्रांबाबत ॲपच्या भरवशावर राहू नये. गाडी शहराबाहेर उभी करून बसने किंवा ट्रामने आत जावे. आणि 2,757 मीटर उंचीच्या स्टेल्व्हियो खिंडीचे छायाचित्र पाहून मोह झाला, तरी त्राफोईकडील तिच्या 48 वळणांवर मोटरहोम न नेणे बरे.

प्रश्न : माझे वडील सत्तरीचे असून मोटरहोमच्या प्रवासात ते माझ्या शेजारी बसून मार्ग सांगण्यास उत्सुक असतात. मोबाइलवर त्यांना नीट दिसत नाही. इंग्लंडमध्ये छापील नकाशाचा अजून उपयोग आहे का?
– एक वाचक, लेस्टर

उत्तर : निश्चित आहे, आणि वडिलांना हे काम द्यावे असे मी आग्रहाने सुचवेन. ट्रकचालकांसाठी छापलेल्या रस्त्यांच्या ॲटलासमध्ये कमी उंचीचे पूल त्यांच्या आकड्यांसह दाखवलेले असतात. मोठ्या अक्षरांतील तशी एखादी प्रत घ्यावी. डोंगराळ भागासाठी ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी संस्थेचे नकाशे उत्तम आहेत, कारण त्यांत चढणीच्या रस्त्यावर बाणाची खूण असते. एक बाण म्हणजे 14 ते 20 टक्के चढ आणि दोन बाण म्हणजे 20 टक्क्यांहून अधिक. सकाळी निघण्यापूर्वी ॲपने आखलेला मार्ग वडिलांनी या नकाशावर बोट फिरवून पाहावा आणि दोन बाण आढळले तर तसे सांगावे. चालकाने मात्र मोबाइल कधीही हातात घेऊ नये. ब्रिटनमध्ये त्याबद्दल 200 पौंड दंड आणि परवान्यावर दंडाचे सहा गुण असा नियम आहे, आणि परवाना मिळून दोन वर्षे झाली नसतील तर तेवढ्या गुणांवर तो रद्द होतो. मोबाइलचा स्टँड काचेवर लावायचा असेल तर रस्ता झाकला जाणार नाही अशा बेताने, खालच्या बाजूस लावावा.