चौकड्यांचा रेशमी पोशाख : वय ओळखायचे कसे?

प्रश्न : मी नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये राहते. जुन्या कपड्यांच्या एका लिलावात मी हिरव्या-निळ्या चौकड्यांचा, मधून लाल आणि पिवळी बारीक रेघ असलेला रेशमी पोशाख घेतला. सोबतच्या चिठ्ठीवर ‘राणी व्हिक्टोरियाच्या पहिल्या स्कॉटलंड भेटीच्या वेळचा, १८४२, अस्सल हायलँड घराण्याचा टार्टन’ असे लिहिलेले आहे (हायलँड म्हणजे स्कॉटलंडचा डोंगराळ भाग, टार्टन म्हणजे तिथले चौकड्यांचे कापड). बॉडिस, म्हणजे पोशाखाचा कमरेपर्यंतचा वरचा भाग, पुढून हुकांनी बंद होतो, कंबर सरळ गोल आहे आणि बाह्या मनगटाकडे घंटेसारख्या रुंद होत जातात. स्कर्टवर तीन आडव्या पट्ट्यांत रंग जास्त गडद दिसतो आणि प्रत्येक पट्टीच्या वरच्या कडेला सुईच्या भोकांची रांग आहे. बहुतेक शिवणी हाताच्या आहेत, पण कमरेच्या पट्टीवर मशीनची टीप आहे. छायाचित्रे सोबत पाठवत आहे. १८४२ हे साल खरे मानावे काय?

उत्तर : मानू नये. राणीने स्कॉटलंडला पहिली भेट १८४२ मध्ये दिली हे खरे आहे. परंतु त्या भेटीचे साल माहीत असणे आणि पोशाखाचे साल माहीत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चौकड्या दिसल्या की राणी, राणी म्हटली की १८४२, असा हिशेब विक्रेते सर्रास करतात. चौकड्यांचे रेशीम मात्र व्हिक्टोरियाच्या ६३ वर्षांच्या कारकिर्दीत अनेकदा फॅशनमध्ये आले आणि गेले. राजघराण्याने स्कॉटलंडमधील बाल्मोरलचा वाडा १८४८ मध्ये भाड्याने घेतला, १८५२ मध्ये विकत घेतला आणि नवी वास्तू १८५६ मध्ये पूर्ण झाली. या काळात टार्टनची हौस इंग्लंडबाहेरही पसरली. तेव्हा कापडावरील चौकडीकडे सर्वांत शेवटी पाहावे आणि आधी शिवण, काप व अस्तर पाहावे, असा माझा नेहमीचा क्रम आहे.

आपल्या पोशाखाचा काप १८४२ शी कोठेच जुळत नाही. त्या सुमारास बॉडिसची कंबर पुढे लांब टोकदार असे, तो बहुधा पाठीमागे हुकांनी बंद होई आणि बाही खांद्याच्या खाली उतरून मनगटापर्यंत हाताला घट्ट चिकटलेली असे. ही बाही इतकी आवळ असे की ती घालून हात डोक्यावर नेणे कठीण होई. मनगटाकडे पसरणारी, आत पांढऱ्या सुती किंवा लेसच्या खोट्या बाह्या घालून वापरायची बाही ही १८५० च्या दशकाची आणि १८६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांची खूण आहे. दिवसा घालण्याचा बॉडिस पुढून बंद होऊ लागला तोही त्याच दशकात. गोल, सरळ कंबर मात्र त्याहून थोडी अलीकडची, १८६० च्या आसपास रूढ झालेली आहे. म्हणजे एकाच पोशाखात बाही एक गोष्ट सांगते आणि कंबर दुसरी.

या विसंगतीचे उत्तर आपल्या स्कर्टवरच आहे. त्या तीन गडद पट्ट्या म्हणजे काढून टाकलेल्या झालरींच्या जागा होत. भोकांच्या रांगेवर झालरीची वरची कड शिवलेली होती आणि तिच्याखाली झाकलेले कापड उजेडापासून वाचले. उघडे राहिलेले कापड विटले. पट्टीची उंची मोजलीत तर झालरीची खोली मिळेल. झालरींचे स्कर्ट १८५० च्या दशकात अतिशय लोकप्रिय होते. १८५६ मध्ये पोलादी कड्यांचा पिंजरा, म्हणजे केज क्रिनोलिन, बाजारात आला आणि घेर फुगवण्यासाठी परकरांच्या थरांवर विसंबण्याची गरज उरली नाही. पुढे काही वर्षांत साध्या, सपाट, विस्तीर्ण स्कर्टची चाल पडली, तेव्हा अनेक घरांत जुन्या झालरी उसवून निघाल्या.

उसवलेले ते रेशीम फेकून दिले गेले नसणार, कारण रेशीम महाग होते आणि शिलाई त्या मानाने स्वस्त. आपण पाठवलेल्या चौथ्या छायाचित्रात डाव्या काखेखाली तळहाताएवढा एक त्रिकोणी तुकडा जोडलेला दिसतो. बॉडिसवर बाकी सर्वत्र रेघेला रेघ जुळवली आहे, पुढच्या मध्यावर तर उरेब कापलेल्या दोन भागांच्या रेघा मिळून बाणाच्या टोकासारखा आकार नेमका साधला आहे. एवढी काळजी घेणारी शिंपीण काखेखाली मात्र लाल रेघ बोटभर वर-खाली सोडते, याचा अर्थ तेथे तिच्याजवळ पुरेसे कापड नव्हते. तो तुकडा झालरीचाच असावा असे मला वाटते. त्याच्या एका कडेला जुनी भोके सापडतात का, हे भिंगाने पाहावे.

मशीनच्या टिपेमुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. इलायस होवने अमेरिकेत शिलाई मशीनचे पेटंट १८४६ मध्ये घेतले, सिंगरचे १८५१ मधले. परंतु शिंपिणींच्या हाती ते यंत्र सर्रास पडले ते १८५० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे. त्यानंतरही लांब सरळ शिवण मशीनवर आणि काखेची गोलाई, मगजी व चुण्या हाताने, अशी मिसळ कित्येक वर्षे चालू होती. त्यामुळे निव्वळ हाताची शिवण पाहून पोशाख मशीनपूर्व काळातला ठरवणेही तितकेच चुकीचे आहे. आपल्याकडे मशीनची टीप फक्त कमरेच्या पट्टीवर आहे, आणि कंबर हाच भाग नंतर बदलला असावा असे कापावरून आधीच वाटत होते. दोन्ही पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात.

आणखी एक तपासणी आपण स्वतः करू शकता. स्कर्ट उलटा करून त्याचे उभे पट्टे काठापासून काठापर्यंत मोजावेत. त्या काळातले रेशीम अरुंद विणले जाई, साधारण ४५ ते ६० सेंटिमीटर. आणि १८६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत स्कर्टसाठी हे सरळ पट्टे न कापता एकमेकांना जोडून वर दाट चुण्या घालत. पट्टे वरच्या बाजूला निमुळते कापलेले आढळले, पुढचा भाग सपाट आणि घेर मागे ढकललेला असला, तर पोशाख १८६५ च्या नंतर सरकतो. छायाचित्रांवरून आपले पट्टे सरळ दिसतात.

एकूण माझे मत असे, की कापड आणि पहिली शिलाई १८५० च्या दशकाच्या मध्याची आहे आणि सध्याचे रूप १८६० ते १८६४ च्या दरम्यान दिले गेले आहे. याहून नेमके साल कोणी सांगितले, तर त्याच्याकडे त्या पोशाखाबरोबर आलेले पत्र किंवा बिल आहे का, हे विचारावे.

घराण्याच्या टार्टनबद्दल थोडक्यात. लोकरीचा टार्टन तिरक्या विणीचा असतो. दोन रंग जेथे एकमेकांना छेदतात तेथे भिंगातून बारीक तिरक्या रेघा दिसतात. आपले कापड साध्या विणीचा टॅफेटा आहे, म्हणून त्याच ठिकाणी दोन रंगांचे ठिपके दिसतील. अस्सल टार्टनमध्ये बहुधा ताण्यातील रंगांचा क्रम बाण्यातही तसाच येतो. फॅशनच्या रेशमात तो खुशाल बदललेला असतो, मध्येच एखादा सॅटिनचा पट्टाही येतो. असे रेशीम फ्रान्समधील लिओं किंवा लंडनमधील स्पिटलफील्ड्सच्या विणकरांनी त्या हंगामाच्या आवडीप्रमाणे काढलेले असे आणि घेणारीचा कोणत्याही हायलँड घराण्याशी संबंध असण्याची गरज नसे. खुद्द घराणे आणि टार्टन यांची ठाम जोडीसुद्धा फारशी प्राचीन नाही. ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज १८२२ मध्ये एडिनबरोला आला त्या समारंभाने तिला जोर आला. बॅनॉकबर्नच्या विल्सन या विणकर पेढीच्या १८१९ च्या नमुना-वहीत पुष्कळ नमुने नुसत्या क्रमांकांनी ओळखले जात होते.

प्रश्न : माझ्याकडील चौकड्यांच्या रेशमी पोशाखात भडक जांभळा पट्टा आहे. जांभळा कृत्रिम रंग १८५६ मध्ये निघाला असे वाचले. म्हणजे पोशाख १८५६ नंतरचा हे नक्की झाले ना?

उत्तर : पट्टा खरोखर त्या कृत्रिम रंगाने रंगवलेला असेल, तरच. विल्यम हेन्री पर्किन या १८ वर्षांच्या विद्यार्थ्याने १८५६ मध्ये कृत्रिम क्विनीन बनवण्याच्या खटपटीत ‘मोव्ह’ हा जांभळा रंग शोधला, दुसऱ्या वर्षी ग्रीनफर्डला त्याचा कारखाना सुरू झाला आणि जानेवारी १८५८ मध्ये राणीने थोरल्या मुलीच्या लग्नात मोव्ह रंगाचा पोशाख केला. पुढे १८५९ मध्ये मॅजेन्टा आला. हा इतिहास इतका आकर्षक आहे, की त्यापूर्वीचे रंगारी जणू राखाडी आणि तपकिरीच रंगवत होते असा समज झाला आहे. तो खरा नाही. दगडफुलाच्या जातीच्या वनस्पतींपासून जांभळा, कोचिनील किड्यापासून झगझगीत लाल आणि प्रशियन ब्लूपासून दाट निळा असे रंग रेशमावर त्याआधीही उत्तम चढत. पिक्रिक आम्लाचा पिवळा १८४० च्या दशकातच रेशमाला देऊ लागले होते.

डोळ्यांनी जांभळा पाहून तो नैसर्गिक की कृत्रिम हे मलाही सांगता येत नाही, आणि सांगतो म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. प्रयोगशाळेत क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे रंगातले घटक वेगळे करून पाहण्याच्या पद्धतीने, ते ठरते आणि त्यासाठी शिवणीच्या आत सुटलेला धाग्याचा लहानसा तुकडा पुरतो. तसे ठरले, तरी ते साल ‘याच्या आधीचा नाही’ एवढेच सांगेल. ‘याच वेळचा आहे’ असे सांगणार नाही. घरच्या घरी एक गोष्ट मात्र जरूर करावी : शिवणीची आतली दुमड उघडून रंग पाहावा. आरंभीचे कृत्रिम रंग उजेडाने फार लवकर उडत, त्यामुळे बाहेर फिकट करडा दिसणारा पट्टा आत कधी कधी डोळे दिपवणारा जांभळा निघतो.

प्रश्न : १८६० च्या दशकातील एका अमेरिकी छायाचित्रात पांढऱ्या आणि काळ्या मोठ्या चौकड्यांचा पोशाख दिसतो. तो खरेच काळा-पांढरा असेल काय?

उत्तर : असेलच असे नाही. त्या काळी छायाचित्रासाठी वापरली जाणारी, कोलोडियन या चिकट द्रवाचा ओला थर दिलेली काच निळ्या प्रकाशाला संवेदनशील होती, लाल-पिवळ्याला जवळजवळ आंधळी. त्यामुळे लाल चौकडा काळा उमटतो, पिवळाही गडद होतो आणि चांगला निळा चौकडा फिकट, कधी पांढराच दिसतो. आपला ‘काळा-पांढरा’ पोशाख प्रत्यक्षात लाल-निळा असणे सहज शक्य आहे. छायाचित्राचे वय ठरवायचे तर मागची बाजू पाहावी. पत्त्याच्या आकाराचे, सुमारे ६ बाय १० सेंटिमीटरच्या पुठ्ठ्यावरचे छायाचित्र १८६० च्या सुमारास सर्वत्र पसरले. अमेरिकेत १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ या काळात विकलेल्या छायाचित्रांवर कराचे तिकीट लावणे बंधनकारक होते. असे तिकीट पाठीवर असेल, तर दोन वर्षांची चौकट आयती मिळते. पोशाख मात्र त्याहून जुना असू शकतो.

प्रश्न : १८९० च्या दशकातील आमच्या चौकड्यांच्या रेशमी बॉडिसमध्ये फक्त गडद तपकिरी पट्टेच चिरत चालले आहेत, बाकीचे रंग धड आहेत. हलक्या साबणाने धुऊन इस्त्री केली तर चालेल का?

उत्तर : कृपा करून धुऊ नये आणि इस्त्रीही करू नये. कच्च्या रेशमातील डिंक काढताना त्याचे सुमारे पाव वजन जाते, आणि रेशीम वजनावर विकले जाई. ती तूट भरून काढण्यासाठी त्याला क्षार आणि टॅनिन पाजण्याची पद्धत त्या शतकात वाढत गेली, अखेरीस कथलाच्या क्षारांचा वापर फार झाला. काळ्या आणि तपकिरी धाग्यांना रंगासाठी लोह व टॅनिन दिलेले असे आणि तेच लोह धाग्याला आतून खाते. चौकड्यांच्या कापडात शेजारी-शेजारी वेगवेगळ्या रंगांचे धागे असल्याने गडद पट्टे आधी फाटतात आणि हिरवे-लाल पट्टे शिडीच्या पायऱ्यांसारखे मागे राहतात. हा बिघाड धाग्यातच आहे; पाण्याने तो थांबत नाही, उलट ओल्या रेशमाची ताकद आणखी घटते.

बॉडिस हँगरला टांगू नये, कारण चिरलेल्या पट्ट्यांवर साऱ्या वजनाचा ताण येतो. मोठ्या खोक्यात आम्लविरहित पातळ कागद अंथरून तो आडवा ठेवावा, बाह्यांत त्याच कागदाच्या सैल गुंडाळ्या भराव्यात म्हणजे घडी पडत नाही, आणि खोके अंधाऱ्या, कोरड्या जागी असावे. फाटलेल्या जागी घरी ठिगळ लावू नये किंवा चिकटपट्टी वापरू नये. वस्त्रसंवर्धनाचे काम करणारा जाणकार मागून बारीक रेशमी जाळीचा आधार देऊ शकतो. तोवर गळून पडलेले धागे एका पाकिटात घालून त्याच खोक्यात ठेवावेत, कारण पुढे कधी रंग तपासायचा झाला तर ते उपयोगी पडतील आणि बॉडिसला कात्री लावावी लागणार नाही.