आधी गल्ल्याशेजारी बस

प्रिय बेटा,

काल तू गेल्यावर तुझा लेख मी पुन्हा वाचला. भरीत केंद्राच्या साइटसाठी लिहिलेला, गूगलवर शोधलं तर ती वर यावी म्हणून. 'खान्देशच्या समृद्ध खाद्यसंस्कृतीत भरिताचे स्थान अनन्यसाधारण आहे' इथून तो सुरू होतो आणि बाराशे शब्द तसाच चालतो. शुद्धलेखन चोख, मथळे जागच्या जागी, जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेही आलंय. मी तुला एकच विचारलं होतं: किलोभर भरीत किती माणसांना पुरतं? तू माझ्याकडे नुसती बघत राहिलीस. मग डोळे भरून आले आणि म्हणालीस, "काका, सगळं यंत्रच लिहून देतंय, मग माझं काम काय उरलं?"

रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितोय. समोर असतीस तर माझा आवाज चढला असता.

तुझं काम तेच, जे तू केलं नाहीस. त्या केंद्रावर जाऊन बसायचं. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांवर वांगी भाजतात तिथे नाही, तिथे फोटो काढायला सगळेच जातात. जिथे फोन वाजतो आणि पैसे घेतात तिथे. थंडी पडली की पुण्या-मुंबईची माणसं गावी येतात आणि फोनवर विचारतात: वीस जण आहोत, किती किलो सांगू? पुऱ्या तुमच्याकडेच मिळतील की बाहेरून आणायच्या? कळण्याच्या भाकरी आदल्या दिवशी सांगाव्या लागतात का? लहान मुलं आहेत, तिखट कमी होईल का? रात्रीच्या गाडीने न्यायचं तर सकाळपर्यंत टिकेल ना? ही पाच वाक्यं म्हणजे तुझी पाच पानं. एका प्रश्नाला एक पान, मथळ्यात तोच प्रश्न त्याच शब्दांत, आणि पहिल्याच ओळीत उत्तर. संस्कृती नंतर. जागा उरली तर.

तू मला कीवर्डचं साधन, कोणते शब्द महिन्याला कितीदा शोधले जातात ते सांगणारं, उघडून दाखवलंस. 'भरीत किती किलो लागेल' ह्याच्यासमोर आकडाच नाही, म्हणून तू तो विषय सोडलास. अगं, ते साधन मोठ्या संख्येने होणाऱ्या शोधांवर चालतं. आपल्या तालुक्यात महिन्याला दहा जण विचारतात ते त्याला दिसत नाही, आणि त्या केंद्राला ते दहाच जण हवे असतात. रोज होणाऱ्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के आधी कधीच झालेले नसतात, हे गूगल स्वतः वर्षानुवर्षं सांगत आलंय. जे आजवर कोणी विचारलंच नाही त्याचा आकडा साधनात कुठून येणार? तो गल्ल्याशेजारी ऐकू येतो. आधी तिथे बस.

मला हे शहाणपण फार महागात मिळालंय. माझं नाही, दुसऱ्याचं नुकसान होऊन मिळालंय. तुला पहिल्यांदाच सांगतोय.

२०११ साली माझ्याकडे एमआयडीसीतले एक चटईवाले आले. प्लॅस्टिकच्या चटया, जळगावातून परदेशात जातात त्या. इंग्रजी साइट होती, बाहेरच्या व्यापाऱ्यांनी शोधलं तर वर यावी एवढीच त्यांची अपेक्षा. तेव्हा लिंकांचे गठ्ठे विकत मिळायचे. ज्या साइटशी आपला काही संबंध नाही अशा शेकडो साइटींवर आपलं नाव चिकटवायचं, म्हणजे शोधयंत्राला वाटावं की ह्याला सगळे मानतात. मी घेतले. लेखही घेतले, शब्द इकडचे तिकडे करून एकाचे पन्नास केलेले. चार महिन्यांत साइट पहिल्या पानावर. चौकशा येऊ लागल्या. त्यांनी माझ्या घरी केळीचा अख्खा घड पाठवला होता.

२४ एप्रिल २०१२ ला गूगलचा पेंग्विन आला, म्हणजे साइटींचा क्रम लावायच्या पद्धतीतला बदल. विकतच्या लिंकांवर उभ्या असलेल्या साइटी खाली गेल्या. आमची पहिल्या पानावरची साइट दहाव्या पानावरही सापडेना. नियम आधीपासून लिहिलेला होता आणि मी तो वाचलेलाही होता. दोष पूर्णपणे माझा. त्या माणसाने नुकतंच एक नवं मशीन घेतलं होतं, येणाऱ्या चौकशांच्या भरवशावर. तो ऑफिसला आला, खुर्चीवर बसला, चहा अर्धा प्यायला आणि मला म्हणाला, "भाऊ, माझ्याकडून काही चुकलं का?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर आठ महिने मी एकेका साइटवाल्याला मेल करून लिंका काढायला लावल्या. ऑक्टोबरमध्ये गूगलने नको असलेल्या लिंका नाकारण्याची सोय दिली, तेव्हा उरलेल्यांची यादी केली. ह्या सगळ्या काळात मी पहिल्यांदा त्यांच्या कारखान्यात जाऊन बसलो. आणि काय दिसलं? टेबलावर एक वही. बाहेरचा व्यापारी फोनवर जे जे विचारतो ते सगळं त्यात. एका कंटेनरमध्ये किती चटया बसतात, घडी केल्यावर गठ्ठा केवढा होतो, एका चटईचं वजन किती, उन्हात रंग उडतो का. उत्तरं त्यांच्याच हातची, पेन्सिलीने. अख्खी साइट त्या वहीत तयार होती बेटा, आणि मी ऑफिसात बसून लिंका विकत घेत होतो. ती वही टाइप करायला मला दोन आठवडे लागले. पुढे चौकशा आल्या त्या त्याच पानांवरून, हळूहळू, पण पुन्हा कधी गेल्या नाहीत. मशीनचे हप्ते मात्र त्या वर्षी त्यांनी बायकोच्या बांगड्यांवर भरले. ते मी विसरू शकत नाही आणि विसरायचंही नाही.

म्हणून मी हट्टी झालो. दोन दिवस दुकानात बसू देत असाल तर काम घेतो, नाहीतर नमस्कार. एका गावात एकाच धंद्याची दोन दुकानं घेत नाही, कारण एकाच्या गल्ल्यावर ऐकलेलं दुसऱ्यासाठी कसं लिहू? ह्यापायी कामं गेली. माझ्याबरोबर सुरुवात केलेले दोघे आज पुण्यात आहेत, त्यांच्याकडे तीस-तीस माणसं आहेत. लोक मला विचारतात, तू का नाही गेलास? मी जळगावात राहिलो कारण मला दुकानं पायी गाठता यायला हवी होती. घाबरून राहिलो असं कोणी म्हणत असेल तर म्हणू दे. अकरा गिऱ्हाइकं आहेत माझ्याकडे, त्यातली सात दहा वर्षांहून जुनी. हे मी मिरवायला सांगत नाही. खरं तर थोडं मिरवायलाच सांगतोय, कारण तुझ्या मनात माझ्याविषयी तोच प्रश्न असणार हे मला कळतं.

आता शब्दांचं सांगतो, कारण तिथे तू सगळ्यात जास्त घाई करतेस. रावेरकडच्या एका कृषी सेवा केंद्रात मी बसलो होतो. कंपनीच्या पत्रकावर छापलेलं, 'कुकुंबर मोझॅक विषाणूचे एकात्मिक व्यवस्थापन'. केळीवाला शेतकरी आत येतो आणि म्हणतो, "पानावर पिवळे पट्टे येऊन राहिले, पोंगा सडतोय." फार तर 'सीएमव्ही' म्हणेल. मोबाइलवर बोलून शोधतानाही तो हेच म्हणणार. मग आमच्या पानाचा मथळा काय असायला हवा? पिवळे पट्टे आणि पोंगा. खाली उत्तर: रोगट झाड उपटून बागेबाहेर नष्ट करा, हा विषाणू मावा पसरवतो म्हणून माव्याचा बंदोबस्त करा, बागेत आणि बांधाला काकडीवर्गीय पीक घेऊ नका. दुकानदार हे दिवसातून कितीदा तरी तोंडी सांगत होता. त्याच्या तोंडचं कागदावर आलं एवढंच. आणि वेळ बघ. केळीची मृगबाग जून-जुलैत लागते, कांदेबाग ऑक्टोबर-नोव्हेंबरात. रोपांबद्दलचं पान त्याच्या दोन महिने आधी तयार हवं. मोसम सुरू झाल्यावर लिहिलेलं पान शोधयंत्राच्या हिशोबात येईपर्यंत लागवड झालेली असते. हे वेळापत्रक कुठल्या कोर्समध्ये शिकवलं तुला? दुकानाच्या उधारीच्या वहीत ते तारखांसकट असतं.

लोक रोमन अक्षरांत मराठी टाइप करतात, अर्धं हिंदी बोलतात, मध्येच अहिराणी येते. तेही ऐकून ठेव. पण पानभर तोच शब्द चाळीसदा कोंबू नकोस. एकदा नीट आला की पुरे.

सराफांचं काम तुला माहीत आहे, पण ते कसं झालं ते माहीत नाही. तालुक्याच्या गावातलं छोटं दुकान. 'आजचा सोन्याचा भाव' ह्या शोधात जळगावच्या मोठ्या पेढ्यांपुढे त्यांचा निभाव लागणं शक्य नव्हतं, आणि मी तसा प्रयत्नही केला नाही. तीन दिवस बसलो. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक, नसलेला हॉलमार्कचा दागिना विकता येणार नव्हता, त्याच सुमाराची गोष्ट. बायका पदराखालून जुना दागिना काढायच्या आणि दबक्या आवाजात विचारायच्या, "ह्याच्यावर शिक्का नाही, हे आता मोडता येणार नाही का?" त्यांना वाटत होतं, आईचं सोनं एका रात्रीत बेकायदा झालं. नियम दुकानदाराच्या विक्रीला होता, घरातला जुना दागिना विकायला किंवा मोडायला बंदी नव्हती. सराफ प्रत्येकीला शांतपणे समजावत होते. मी ते त्यांच्याच वाक्यांत लिहिलं. घट कशी धरतात, समोर वितळवून दाखवतात का, पावती काय मिळते, सगळं. त्या पानावर एक जाहिरातीचा शब्द नाही. त्या पानाने दुकानात आणलेल्या बायका लग्नाची खरेदीही तिथेच करतात.

जाहिरातींबद्दल थोडक्यात. धुळ्याच्या मोटर रिवाइंडिंगवाल्याचे पैसे तू ज्या शब्दांवर लावलेस, त्यावर निम्मे क्लिक कोर्स शोधणाऱ्या पोरांचे आले. कोणत्या शोधांवर जाहिरात दिसली त्याचा अहवाल दर आठवड्याला उघड आणि 'कोर्स', 'नोकरी', 'पीडीएफ' असले शब्द वगळ. ठिकाणाच्या सेटिंगमध्ये 'त्या भागात असलेले' एवढंच ठेव, नाहीतर त्या भागात रस असलेले दिल्लीचे लोकही मोजले जातात, आणि सुरुवातीला ते तसंच लावलेलं असतं. पण ह्या सगळ्याआधी त्याच्या दुकानात बसली असतीस, तर कळलं असतं की शेताची लाइन रात्री येते, मोटर रात्री जळते आणि माणूस पहाटे पाचला शोधतो 'मोटर जळाली'. तुझी जाहिरात सकाळी दहाला सुरू होत होती.

गूगलच्या नकाशावरच्या दुकानाच्या नोंदीचं मी तुला तीनदा सांगितलंय. शोधाशी मेळ, अंतर आणि दुकानाची ओळख, ह्या तिन्हींवर तिथला क्रम ठरतो. अंतर तुझ्या हातात नाही, बाकी दोन आहेत. भरीत केंद्राची वेळ अजून चुकीची आहे. आज दुरुस्त कर. आणि अभिप्राय विकत घ्यायचा विषय पुन्हा माझ्यासमोर काढू नकोस.

आता तो पुण्याचा प्रस्ताव. घरबसल्या महिन्याला शंभर लेख, यंत्राकडून लिहून घ्यायचे, तू फक्त नजर फिरवायची. कोर्सची फी अजून फिटलेली नाही, वडील निवृत्त झालेत, हे मला ठाऊक आहे. घेऊ नकोस असं सांगण्याचा हक्क मला नाही, तरी सांगतोच: घेऊ नकोस. मजकूर यंत्राने लिहिला म्हणून गूगल तो बाद करत नाही. पण क्रमांकासाठी घाऊक प्रमाणात पाडलेली पोकळ पानं हा मार्च २०२४ पासून त्यांच्या लेखी सरळ गैरप्रकार आहे. मला तर त्या गठ्ठ्यांत माझे २०११ चे लिंकांचे गठ्ठे दिसतात. त्या शंभर लेखांच्या पलीकडे कुठेतरी एक चटईवाला असणार, त्याचंही नवं मशीन असणार, आणि तुला त्याचं नावसुद्धा माहीत नसणार.

तू म्हणालीस, आता शोधाच्या वरच यंत्र उत्तर देऊन टाकतं, खाली येतंय कोण? काही जण येणार नाहीत, हे खरं. पण ते यंत्र कुठेतरी लिहून ठेवलेलंच जुळवून देतं ना? किलोभर भरीत किती जणांना पुरतं हे आपल्या केंद्रावाल्या काकूंशिवाय कोणाला माहीत आहे, आणि त्यांनी कुठे लिहिलंय? ज्याने पहिल्यांदा लिहिलं त्याचं नाव तरी दिसेल. फोन तर त्याच्याकडेच जाणार.

पैशांची अडचण असेल तर माझ्याकडच्या दोन दुकानांचं काम ह्या महिन्यापासून तुझं. शिकाऊ म्हणून नाही, पूर्ण दराने. फक्त अट तीच, दोन दिवस बसायचं.

भरीत केंद्रावर शनिवारी सकाळी दहाला वांगी भाजायला घेतात आणि साडेदहापासून फोन सुरू होतात. काकूंशी बोललोय, वांगी ठेचायच्या बडग्या ठेवतात त्या बाजूला एक स्टूल आहे, तिथे बसायला त्यांची हरकत नाही. लॅपटॉप घरी ठेव. वही आण, दोन पेन आण. संध्याकाळी सातला मी येईन, तेव्हा किलोचा हिशोब तू मला सांगायचास. पुरीबरोबर वेगळा आणि भाकरीबरोबर वेगळा, हे विसरू नकोस.

तुझा,
काका