स्टुटगार्टात आठ महिने झाले, अजून घर वाटत नाही

प्रश्न : ताई, लग्न होऊन मार्चमध्ये इकडे आले, नवऱ्याची नोकरी इथे आहे. पुण्यात पाच वर्षं अकाउंट्समध्ये होते, इथे नुसती घरी. तो सकाळी सातला जातो, संध्याकाळपर्यंत कुणाशी एक शब्द बोलणं नाही, आणि आता नोव्हेंबरात तर पाच वाजायच्या आत अंधार. गेल्या रविवारी खलबत्त्यात दाण्याचं कूट करत होते तर खालच्या आजी वर आल्या, काय बोलल्या ते अक्षर कळलं नाही, मी मान हलवली आणि दार लावून रडले. आईला फोनवर सगळं मस्त म्हणून सांगते. सगळे म्हणतात नशीब काढलंस, मग मलाच असं का होतंय?
– एक वाचक

उत्तर : अगं, नशिबाचं बाजूला ठेव आधी. नोकरी, हातातला पैसा, भाषा, माणसं, सगळं एका फ्लाइटमध्ये मागे राहिलं तर रडू येणारच. मीही बारा वर्षांपूर्वी त्याच शहरात आलेय, पहिला हिवाळा फार जड गेला मला.

आता आजी. जर्मनीत रविवार म्हणजे शांततेचा दिवस, ड्रिल नाही, काचेच्या बाटल्या कंटेनरमध्ये टाकणंसुद्धा नाही, आणि खलबत्त्याचा ठोका थेट खालच्यांच्या डोक्यावर. त्यांचा राग बहुतेक त्या आवाजावर होता, तुझ्यावर नाही गं. कूट शनिवारी करून ठेव, खाली जाड टॉवेल घाल. आणि एक कर, सुपरमार्केटमधून 40 टक्केवालं क्वार्क, म्हणजे दह्यासारखं मऊ ताजं चीज, आण, दोन-तीन तास फडक्यात बांधून ठेव, छान चक्का होतो, पिठीसाखर-वेलची घालून श्रीखंड कर आणि वाटीभर घेऊन खाली जा. ‘एंटशुल्डिगुंग’, म्हणजे माफ करा, एवढं बोललीस तरी पुरे. माझ्या शेजारच्या आजींशी ओळख अशीच झाली, मग त्यांनीच मला केअरवोखं शिकवलं, म्हणजे दारावर ती पाटी लटकली की त्या आठवड्यात जिना झाडायची-पुसायची पाळी आपली. बाई स्वतः ओलं फडकं घेऊन पायरीपायरीने दाखवत होत्या, कोपरा राहिला की बोटाने दाखवायच्या. बोलायला विषय हवा तर मुंबईचा काढ, मुंबई आणि स्टुटगार्ट 1968 पासून सिस्टर सिटी आहेत.

त्यांचं बोलणं कळलं नाही म्हणून खचू नकोस, जुनी माणसं तिथे श्वेबिश ही तिथली जर्मन बोली बोलतात, ती क्लास केलेल्यांनाही पटकन झेपत नाही. पण क्लास लावच, आणि ॲपवरचा किंवा ऑनलाइन नको, फोल्क्सहोखशूलंचा, म्हणजे मोठ्यांसाठीच्या सार्वजनिक शिक्षणकेंद्राचा, सकाळचा, प्रत्यक्ष जायचा लाव. भाषा तर येईलच, पण रोज आंघोळ करून, कपडे बदलून ट्रामने कुठेतरी पोचायचंय, कुणीतरी आपली वाट बघतंय, हे तुला आत्ता व्याकरणाहून जास्त हवंय. माझ्या वर्गात एक सीरियाची, एक ब्राझीलची, सगळ्या तुझ्यासारख्याच घर सोडून आलेल्या, तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये आम्ही एकमेकींना सासर-माहेर सांगायचो.

रेसिडन्स कार्डावर ‘एर्वेर्ब्सटेटिगकाइट एरलाउब्ट’ लिहिलंय का बघ, असेल तर तुला नोकरीची परवानगी आहे. अकाउंट्सला जर्मन लागतं, बी-वनपर्यंत, म्हणजे भाषेच्या मधल्या पातळीपर्यंत, गेलीस की अर्ज टाकायला धीर येतो.

उजेड असतो तेव्हा, दुपारी बाराला, अर्धा तास तरी बाहेर पड, पाऊस असला तरी. झोप-भूक दोन आठवडे गेलेली असेल तर फॅमिली डॉक्टरकडे जा आणि स्पष्ट सांग, यात लाजायचं काही नाही. नवऱ्यालाही ‘बोअर होतं’ असं म्हणू नकोस, मला लिहिलंयस ते जसंच्या तसं वाचायला दे. आणि आईला खरं सांग गं, आवाजावरून तिला अर्धं कळलेलंच असतं.

क्लासचं पुढचं सत्र फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास सुरू होतं, नाव आत्ताच घाल. आणि आजी श्रीखंडाला काय म्हणाल्या ते मला नक्की कळव.