१९७४ च्या एल्सिनोरला आधुनिक फोर्क बसवावेत की मूळ फोर्कच सुधारावेत?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: वडिलांनी परदेशातून आणलेली १९७४ सालची होंडा एल्सिनोर सीआर २५०एम आपण चालती केली आहे. तिचे पुढचे फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरून धक्के शोषणारे दोन पाय, ब्रेक लावताच खाली बसतात, मात्र वेगात दगडावरून किंवा बांधावरून गेल्यास मनगटांना जबर धक्का देतात. म्हणून आधुनिक मोटोक्रॉस गाडीचे अपसाइड-डाउन (जाड नळी वर आणि बारीक नळी खाली असलेले) फोर्क बसवावेत, असे आपल्या मिस्त्रींनी सुचवले आहे. माझे स्पष्ट मत असे आहे की ते बसवू नयेत. माझ्याकडेही त्याच पिढीची ट्विन-शॉक (मागे दोन शॉक ॲब्सॉर्बर असलेली) गाडी आहे आणि तिच्या फोर्कवर मी विक्रोळीच्या घराच्या मागच्या बाजूला बरीच वर्षे काम केले आहे; त्या अनुभवावरून लिहितो.

आपल्या गाडीच्या पुढच्या चाकाची चाल, म्हणजे वर-खाली हलण्याचे अंतर, सुमारे १८० मिमी आणि मागच्या चाकाची सुमारे १०० मिमी आहे. आजच्या मोटोक्रॉस फोर्कची चाल ३०० मिमीच्या आसपास असते, त्यामुळे पुढचे चाक खड्डा सहज गिळेल, पण मागचे ट्विन-शॉक तोच खड्डा आपल्या पाठीत घालतील. शिवाय फोर्क लांब झाला की स्टिअरिंगचा कोन कलतो. दोन चाकांमधले अंतर १४०० मिमी धरले तर फोर्कच्या लांबीत दर २५ मिमीमागे हा कल जवळपास १ अंशाने वाढतो, आणि इथे वाढ १०० मिमीच्या पुढे जाऊ शकते. मग गाडी वळायला जड होते आणि पन्नास वर्षे जुन्या फ्रेमच्या नेकवर, जिथे स्टिअरिंगचे बेअरिंग म्हणजे कोनसेट बसतो तिथे, तिच्यासाठी कधीच न आखलेला ताण येतो. चाक, हब, ब्रेक आणि फोर्क पकडणाऱ्या वरच्या-खालच्या दोन्ही टी बदलाव्या लागतात हे वेगळेच.

आता मूळ दोषाकडे येतो, कारण आपण सांगितलेली दोन्ही लक्षणे एकमेकांच्या उलट वाटली तरी त्यांचे मूळ बऱ्याच अंशी एकच आहे. या फोर्कमध्ये डॅम्पर रॉड असतो, म्हणजे भोके पाडलेली एक नळी, आणि फोर्क दबताना तेलाला त्या भोकांमधून वाट काढावी लागते. ठरावीक मापाच्या भोकातून जाणाऱ्या तेलाचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: फोर्क दुप्पट वेगाने दबला तर विरोध चौपट, तिप्पट वेगाने दबला तर नऊपट. ब्रेक लावताना फोर्क सावकाश दबतो, तेव्हा तेल जवळजवळ अडतच नाही आणि पुढचा भाग खाली बसतो. बांधाची कड लागते तेव्हा तो क्षणार्धात दबायला बघतो, तेल भोकात तुंबते आणि फोर्क काठीसारखा ताठ होतो. म्हणूनच केवळ तेल जाड केल्याने ब्रेकची तक्रार थोडी कमी होते आणि धक्क्याची तक्रार खूप वाढते. अनेक गॅरेजांत हाच एक उपाय केला जातो आणि माझ्या मते तो सर्वांत वाईट आहे.

पण डॅम्पिंगला, म्हणजे तेलाच्या या विरोधाला, हात लावण्याआधी फोर्क पाइप सरळ आहेत का ते बघा. मी हा क्रम पाळला नाही. परदेशातून डॅम्पिंग सुधारणारे व्हॉल्व्ह (पुढे सांगितलेले इम्युलेटर) मागवून बसवले, तरी फोर्क अडकतच राहिला, आणि नंतर व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) फिरवून पाहिल्यावर डावा पाइप खालच्या टीच्या जरा खाली वाकलेला निघाला. डायल गेजवरचे एकूण वाचन ०.२ मिमीच्या आत असावे. पाइप थोडा वाकला असेल तर प्रेसवर सरळ होतो, मात्र सुरकुती किंवा घडी दिसली तर तो बदलाच. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत पाइपावर गंजाचे खड्डे हमखास पडतात, आणि ते तेल अडवणाऱ्या सीलच्या मार्गात असतील तर नवे सील किती दिवस टिकणार? त्यासाठी हार्ड क्रोम करता येते, पण थर दिल्यावर पाइप ग्राइंड करून मूळ मापावर आणणे आणि क्रोमिंगनंतर लगेच सुमारे १९० ते २०० अंश सेल्सिअसवर काही तास तापवून पोलादात शिरलेला हायड्रोजन बाहेर काढणे, या दोन गोष्टी आधी बोलून घ्या. माझे पाइप एका ठिकाणी ग्राइंड न करताच परत मिळाले होते आणि पंधरा दिवसांत दोन्ही सील फाटले. सील आणि ओ-रिंग मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर मिळतात. तिथे जाताना गाडीचे नाव सांगण्यापेक्षा व्हर्नियरने घेतलेली आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी ही तीन मापे न्यावीत.

त्यानंतर स्प्रिंग. फोर्क पाइपाला केबल टाय बांधा, नेहमीच्या बुटांसह आणि हेल्मेटसह गाडीवर बसा, आणि पूर्ण उघडलेल्या अवस्थेपासून फोर्क किती दबतो ते मोजा. चालीच्या २५ ते ३० टक्के, म्हणजे आपल्या गाडीत ४५ ते ५४ मिमी, एवढेच दबणे योग्य. इतक्या जुन्या स्प्रिंग बहुधा बसलेल्या असतात आणि आकडा याहून बराच मोठा येतो. वर जाड वॉशर किंवा पाइपचा तुकडा घालून हा आकडा कागदावर दुरुस्त होतो खरा, पण स्प्रिंगची कडकी त्याने वाढत नाही.

जुन्या स्प्रिंगची दोन-चार वेटोळी कापून ती कडक करण्याची रीत आपल्याकडे आहे आणि ती तत्त्वतः चुकीची नाही: काम करणारी ६० वेटोळी ५४ केली की कडकी ११ टक्के वाढते. मात्र थकलेले पोलाद थकलेलेच राहते, म्हणून मी नवी स्प्रिंग करून घेण्याच्या बाजूचा आहे. बाकीची मापे तीच ठेवून तार ४ मिमीऐवजी ४.२ मिमी घेतली, तर कडकी सुमारे २२ टक्के वाढते, कारण ती तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. त्याच वेळी पूर्ण दाबलेल्या स्प्रिंगची लांबीही वाढते. ५५ वेटोळ्यांना ती २२० मिमीवरून २३१ मिमी होईल. फोर्क शेवटपर्यंत दबण्याआधी वेटोळी एकमेकांना टेकणार नाहीत, हा हिशेब ऑर्डर देण्यापूर्वीच करा.

एवढे झाल्यावरच कार्ट्रिज इम्युलेटर घ्यावा. हा स्प्रिंगने दाबून धरलेला छोटा व्हॉल्व्ह डॅम्पर रॉडच्या डोक्यावर बसतो आणि फोर्कची मुख्य स्प्रिंगच त्याला जागेवर धरून ठेवते. दाब ठरावीक मर्यादेपुढे गेला की तो उघडतो आणि तेलाला मोठी वाट देतो. त्यामुळे सावकाश दबताना विरोध मिळतो आणि बांधाच्या धक्क्याला फोर्क ताठ होत नाही. त्यासाठी रॉडच्या खालच्या बाजूची भोके मोठी करावी लागतात, सर्वसाधारणपणे ८ मिमीची सहा, म्हणजे विरोध करण्याचे काम रॉडकडून व्हॉल्व्हकडे जाते. वरची बारीक भोके रिबाउंडची, म्हणजे दबलेला फोर्क परत उघडतानाच्या विरोधाची, आहेत, त्यांना हात लावू नका. हा बदल मागे घेता येत नाही, म्हणून मूळ रॉड जपून ठेवून लेथवर दुसरी जोडी करून घ्यावी असा माझा आग्रह आहे. एल्सिनोरसारख्या गाडीचा मूळ भाग पुन्हा मिळणे कठीण असते. व्हॉल्व्हमुळे स्प्रिंग वर उचलली जाते, तेवढा वरचा स्पेसर कमी करा.

इम्युलेटर बसल्यावर तेलाच्या जाडीने मुख्यतः रिबाउंड ठरतो. डब्यावरचे १०डब्ल्यू किंवा १५डब्ल्यू हे आकडे कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे ४० अंश सेल्सिअसवरची सेंटिस्टोक्स या एककातली श्यानता (तेलाचा जाडपणा) बघूनच तुलना करावी. तेलाची पातळी स्प्रिंग काढून, फोर्क पूर्ण दाबून, पाइपाच्या काठापासून मोजा. १४० मिमीपासून सुरुवात करा आणि फोर्क अजूनही शेवटी आपटत असेल तर १०-१० मिमीने तेल वर आणा, कारण वर कोंडलेली हवाही स्प्रिंगचेच काम करते.

जोडणी करताना ॲक्सलचे क्लॅम्प शेवटी आवळा: आधी ॲक्सल घट्ट करा, गाडी स्टँडवरून उतरवून फोर्क चार-पाच वेळा दाबा, फोर्कचे दोन्ही पाय आपोआप समांतर झाले की मग क्लॅम्प. चाचणीसाठी मी भातकापणी झाल्यावर कर्जतकडच्या मोकळ्या खाचरांत, मालकाची परवानगी घेऊन जातो, कारण वाळलेले बांध आणि उतारावरचे ब्रेकिंग या दोन्ही गोष्टी तिथे एकाच फेरीत कळतात. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत नोंद ठेवा.

आपले वजन, केबल टायने मोजलेला आकडा आणि जुन्या स्प्रिंगच्या तारेची जाडी, बाहेरचा व्यास व वेटोळ्यांची संख्या कळवलीत, तर नवी तार किती जाडीची घ्यावी याचा हिशेब मी करून देईन.