भावाचं नाकाचं ऑपरेशन तीनदा झालंय, आता चौथं. डॉक्टरवर केस होते का?

ताई, पत्र दोनदा वाचलं. भाऊ २३ वर्षांचा, दीड वर्षात नाकाची तीन ऑपरेशनं, तिन्ही मुंबईतल्या एकाच डॉक्टरकडे, आता नाशिकचे सायकियाट्रिस्ट म्हणतायत बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर आहे (म्हणजे दिसण्यात नसलेला किंवा अगदी किरकोळ दोष सतत मोठा वाटत राहण्याचा मानसिक आजार), आणि तरी चौथ्याचा ॲडव्हान्स भरून झालाय. तुम्ही विचारताय, आजार होता म्हणजे संमतीच्या फॉर्मवरची सही बाद, मग पैसे परत मिळतील ना?

एवढं सरळ नाहीये. मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २०१७ च्या कलम ३ मध्येच लिहिलंय की नुसतं मानसिक आजाराचं निदान झालं म्हणून माणूस वेडा ठरत नाही, ते कोर्टानेच ठरवायचं. कलम चांगलंय, पेशंटच्या बाजूचं आहे, पण समोरचा वकील पहिलं तेच काढणार. न्यूयॉर्कमध्ये एका बाईने वर्षानुवर्षं एकाच डॉक्टरकडे कॉस्मेटिक कामं करून घेतल्यावर तुमचाच मुद्दा, आजार होता म्हणून संमती बाद, मांडला होता, २००१ मध्ये तिथल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने तो मानला नाही.

म्हणून 'त्याला कळत नव्हतं' यावर नको, 'त्याला सांगितलं काय' यावर केस उभी करा. समीरा कोहली केसमध्ये (२००८) सुप्रीम कोर्ट म्हणतं की ऑपरेशन कशासाठी, धोके काय, दुसरे पर्याय काय हे पेशंटला नीट सांगून मगच संमती घ्यायची. आता बघा, घरात कुणालाच नाकात काही वाकडं दिसत नाही आणि पोरगा तिसऱ्यांदा तेच रडगाणं घेऊन येतो, तेव्हा आधी सायकियाट्रिस्टला दाखवून या असं केसपेपरवर कुठे लिहिलंय का? या आजारात ऑपरेशनने सहसा समाधान होत नाही हे प्लास्टिक सर्जनला माहीत असायलाच हवं. तुमची खरी केस इथेच आहे.

तर पहिलं काम, भावाच्या सहीने रेकॉर्ड मागवा, लेखी मागितल्यापासून ७२ तासांत द्यायचा नियम आहे. दुसऱ्या एका प्लास्टिक सर्जनचं लेखी मत घ्या, त्याशिवाय केस लंगडी. मग ग्राहक आयोग, मुदत दोन वर्षं, म्हणजे पहिल्या ऑपरेशनसाठी तुमच्याकडे जेमतेम सहा महिने उरलेत. केस नाशिकलाच लावता येते, मुंबईला खेटे नकोत, आणि दिलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर आयोगाची फी शून्य. बिलं वडिलांनी भरली असतील तर त्यांचंही नाव तक्रारदार म्हणून घाला. पोलिसात मात्र जाऊ नका, सुप्रीम कोर्टाच्या जेकब मॅथ्यू निकालानंतर (२००५) डॉक्टरवर गुन्हा टिकायला निष्काळजीपणा फार मोठा लागतो.

चौथं ऑपरेशन तुम्ही कायद्याने थांबवू शकत नाही, तो सज्ञान आहे. पण त्याला विश्वासात घेऊन, त्याच्याच ईमेलवरून निदानाचा कागद त्या डॉक्टरला पाठवा आणि त्यातच ॲडव्हान्स परत मागा. एकदा तो कागद फाइलला लागला की सुरी उचलताना कुठलाही डॉक्टर दहादा विचार करतो.

आणि हो, भावाचे ऑपरेशनच्या आधीचे फोटो आजच तुमच्या फोनमध्ये घेऊन ठेवा. अशी मुलं कधीकधी स्वतःचे जुने फोटो डिलीट करून टाकतात, आणि आपला अर्धा पुरावा तोच आहे.