गॅस गिझर पेटत नाही, पेटून विझतो: वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न: गोव्यात साखळीला आमचे दुमजली घर आहे. खालच्या न्हाणीतला गॅस गिझर व्यवस्थित चालतो, वरचा मात्र नळ सोडला तरी पेटत नाही. सिलिंडर भरलेला आहे, सेलही नवे घातले.

उत्तर: नळ सोडल्यावर ‘टक्-टक्’ आवाज येतो का, ते आधी ऐका. सेल नवे असूनही ठिणगीचा आवाजच नसेल, तर सिलिंडरकडे बघू नका. दोष बहुधा पाण्याच्या बाजूला आहे. गिझरमध्ये पाणी शिरते तिथे रबराचा पडदा, म्हणजे डायफ्रॅम असतो. वाहत्या पाण्याच्या दाबाने तो एक बारीक दांडी पुढे ढकलतो, मायक्रोस्विच लागतो, मग ठिणगी पडते. दाब कमी पडला की दांडी जागची हलत नाही.

टाकीतल्या पाण्याच्या दर मीटर उंचीला सुमारे ०.१ बार दाब मिळतो. टाकी स्लॅबवरच ठेवलेली असेल, तर वरच्या गिझरला जेमतेम दीड-दोन मीटरचा दाब मिळतो. खालच्याला आणखी तीन मीटर. तुमचा घोळ बहुधा इथेच आहे. शॉवर न लावता बादलीच्या नळावर चालवून पाहा. मग पाण्याचा कॉक बंद करून इनलेटचा, म्हणजे पाणी आत शिरते तिथला, नट सोडवा. आत छोटी जाळी असते. पावसात विहिरीच्या पाण्यातून चिऱ्याची तांबडी माती येते आणि जाळीवर तिचा गुळगुळीत थर बसतो, वरवर पाहिले तर जाळी स्वच्छच वाटते. बोट फिरवा म्हणजे कळेल. जुन्या टूथब्रशने ती धुवा. तेवढ्याने भागले नाही तर टाकी मीटरभर उंच करा किंवा दाब वाढवणारा छोटा बूस्टर पंप बसवा. दांडीपाशी पाणी ठिबकत असेल तर तिथले सील किंवा डायफ्रॅम गेला आहे, तो बदलून घ्या.

प्रश्न: मेकॅनिक म्हणतो, ‘स्विच डायरेक्ट करून देतो, परत कटकट नाही.’ करू द्यावे का? (म्हापसा)

उत्तर: मुळीच नको. पाणी वाहत असल्याशिवाय बर्नर पेटू नये, एवढ्यासाठीच तो मायक्रोस्विच आहे. तो डायरेक्ट केला, म्हणजे त्याला वगळून तारा थेट जोडल्या, तर नळ बंद केल्यावरही आग चालू राहण्याचा धोका असतो. कॉइलमधले, म्हणजे पाणी तापवणाऱ्या नळीतले, पाणी उकळते, कॉइल फुटू शकते. दुसरा मेकॅनिक बघा.

प्रश्न: आम्ही फोंड्याला, मुलगा टोरांटोला. त्याच्या घरातली गॅस फर्नेस, म्हणजे घर गरम ठेवणारी भट्टी, बंद पडते आणि ‘प्रेशर स्विच’ असा दोष दाखवते. त्याने फिल्टर बदलला, उपयोग झाला नाही.

उत्तर: फिल्टरने हा दोष सहसा जात नाही. हवेचा फिल्टर चोंदला तर फर्नेस जादा तापते आणि आग बंद करतो तो लिमिट स्विच. प्रेशर स्विचचे काम वेगळे: धूर बाहेर ओढणारा पंखा, म्हणजे इन्ड्यूसर, आधी सुरू होतो. त्याची ओढ पुरेशी असेल तरच हा स्विच लागतो आणि पुढे गॅस सुटतो. तुमच्या गिझरचा पडदा पाण्याची खात्री करतो, हा धुराच्या वाटेची.

मुलाला सांगा, फर्नेसच्या घराबाहेरच्या पाइपांची तोंडे बर्फाने, पानांनी किंवा घरट्याने बुजली आहेत का ते पाहा. मग फर्नेसची वीज बंद करून स्विचची रबरी नळी तपासा: सुटलेली, तडकलेली, आत पाणी साचलेले. जास्त कार्यक्षमतेच्या फर्नेसमध्ये धुरातल्या वाफेचे पाणी होते. त्याची निचऱ्याची नळी तुंबली तरी हाच दोष येतो. नळीत तोंडाने हवा ओढून स्विच तपासू नये, आतला पडदा बिघडू शकतो. पुढचे काम मॅनोमीटर, म्हणजे दाब मोजायचे उपकरण, बाळगणाऱ्या तंत्रज्ञाचे. इतके सगळे करण्यापेक्षा नवा स्विच लावून बघू, असे अनेकांना वाटते. पण बऱ्याचदा स्विच चांगलाच असतो आणि खरे दुखणे तसेच राहते.

प्रश्न: गिझर न्हाणीतच आहे. पावसामुळे खिडकी बंद ठेवतो. सुनेला आंघोळ करताना दोनदा चक्कर आली. अशक्तपणा असेल का? (पेडणे)

उत्तर: ताई, तो गिझर आजपासून पेटवू नका. बंद न्हाणीत हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, पाय गळून जाणे ही त्याची लक्षणे, आणि पुढची पायरी बेशुद्धी. सुनेला डॉक्टरांकडे न्या आणि घरात गॅस गिझर आहे हे आवर्जून सांगा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. या विषबाधेतही तो आकडा चांगला दाखवू शकतो.

गिझर मागच्या पडवीत किंवा बाहेरच्या भिंतीवर, पागोळ्यांपासून दूर, खेळत्या हवेत लावा. न्हाणीत फक्त गरम पाण्याचा पाइप येऊ दे. एक्झॉस्ट फॅन हा त्याला पर्याय नाही. आंघोळीला गेलेले माणूस हाकेला ओ देत नसेल तर दार उघडून त्याला आधी मोकळ्यावर आणा, सिलिंडर बंद करा, १०८ला फोन लावा. चतुर्थीला पाहुणे भरले की एकामागून एक आंघोळी होतात, तेव्हा हा धोका आणखी वाढतो. त्याच्या आत हे काम उरका.

प्रश्न: वर्षातून दोनदाच गावच्या घरी येतो. दर वेळी गिझर बंद.

उत्तर: जाताना दोन्ही सेल काढून ठेवा, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा. खाऱ्या दमट हवेत सेल पाझरतात आणि पट्ट्यांवर हिरवट गंज चढतो. आल्यावर बारीक पॉलिश पेपरने पट्ट्या घासा, नवे सेल घाला आणि पहिली दोन-तीन मिनिटे नळ सोडून टाकीतला गाळ वाहून जाऊ द्या.